डॉक्टरच्या कपाटातली छाती

नंदुरबारच्या त्या डॉक्टरला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलते. गेल्यावर तो सुधारला असेल, असा काही निरोप मला अजून आलेला नाही.

माझ्या नातवंडांना ही गोष्ट पाठ आहे. तीत मी, विशीही न गाठलेली सून, त्या डॉक्टरच्या टेबलासमोर ताठ उभी राहते, डोक्यावरचा पदर मागे सारते आणि विचारते, "यंत्र तुमचं असेल, पण छाती कोणाची आहे ती?" इथे नातवंडं टाळ्या पिटतात. एका नातजावयाने तर लग्नाच्या पंगतीत मला हे वाक्य दोनदा म्हणायला लावलं, आणि मी लाजल्यासारखं करून म्हटलंही. पण आज लिहायला बसले आहे. बोलताना थाप मारणं सोपं असतं, लिहिताना हात दुखतो. म्हणून जसं झालं तसंच लिहिते.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. माझं सासर तापीच्या अलीकडच्या काठावर, समोरच्या काठाला प्रकाशा गावाची देवळं दिसायची. माहेर तळोद्याजवळ, दोन बैलांचं आणि तेवढ्याच अकलेचं. सासरी मात्र कापूस, केळी, उसाचा मळा, आणि दोन सुना. धाकटी मी. चौथी पास होते आणि घरात वाचता येणारी बाई मी एकटीच, याचा मला एवढा ताठा होता की वाण्याकडून पुडी बांधून आलेला कागदही मी चुलीपुढे मोठ्याने वाचून दाखवायची. कोणी ऐकत नसे. मी वाचत असे.

मोठी जाऊ माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, दोन मुलांची आई, बड्या घरची. तिचं आणि माझं एक दिवसही पटलं नाही, आणि दोष सगळा तिच्या गळ्यात होता. म्हणजे तिच्या पोतीत. काळ्या मण्यांच्या त्या पोतीत तिच्या आईने सोन्याच्या पुतळ्या ओवून दिल्या होत्या. माझ्या पोतीत नुसत्या दोन वाट्या, त्याही आतून लाख भरलेल्या. पुतळ्यांतली एक प्रकाशाला तापीत न्हाताना निसटली होती. जाऊबाईंनी तिथे दुसरी घातली नाही, गाठ मारून जागा तशीच मोकळी ठेवली. ती चुलीशी वाकली की पुतळ्या पुढे यायच्या आणि पडलेल्या दातासारखी ती फट दिसायची. भाकरी थापताना मी पिठाकडे कमी आणि त्या फटीकडे जास्त बघत असे. माझ्या भाकऱ्या वाकड्या का होतात, हे सासूला कधी कळलं नाही.

त्या हिवाळ्यात कापूस घरात भरला आणि आम्ही दोघी खोकू लागलो. कापसाचे तंतू नाकातोंडात जातातच, सगळ्या घरांत बाया खोकतात, पण आमचा खोकला संक्रांत झाली तरी हलेना. माझा खोकला दाराची कडी वाजेल असा. जाऊबाईंचा बड्या घरचा, पदरात तोंड घालून, पाहुण्यांसमोर ढेकर दाबावी तसा. शेवटी सासऱ्यांनी गाडी जुंपली आणि सासूसकट आम्हाला नंदुरबारला नेलं. तिथे एका डॉक्टरने छातीचा फोटो काढायचं यंत्र आणलं होतं, आणि त्याची कीर्ती आमच्या गावापर्यंत आली होती.

दवाखान्यात कंपाउंडरने सासऱ्यांना विचारलं, "नाव काय पेशंटनं?"

सासऱ्यांनी स्वतःचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "यासनी सून."

"आनि दुसरी?"

"ती बी सूनच शे."

आमच्याकडे सासरा सुनेचं नाव घेत नाही. सून नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि सासऱ्यासमोर तर तोंडच उघडत नाही. सासू नाव घेते, पण शिवी द्यायची असेल तेव्हाच. तेव्हा आम्ही दोघी पदर नाकापर्यंत ओढून भिंतीला टेकलेल्या, आणि कंपाउंडरने दोन्ही चिठ्ठ्यांवर तेच लिहिलं: अमक्या पाटलांची सून. मला ते वाचता येत होतं. मी पदराआडून वाचलंही. अक्षर वाईट आहे, एवढंच माझ्या चौथी पास डोक्यात आलं.

आत यंत्रवाल्याने सांगितलं, गळ्यातलं काढून ठेवा. सासू दारातच उभी होती. ती म्हणाली, "पोत उतरायनी नही."

"माय, सोनं फोटोमा उमटी."

"उमटू दे. फोटोमा उमटनं ते चालस. मन्हा पोऱ्यासवर काही उमटाले नको."

यंत्रवाला काहीतरी पुटपुटला, पण माझ्या सासूशी दोन वाक्यांपेक्षा जास्त वाद घालणारा माणूस मी तरी पाहिला नाही. आम्ही दोघींनी पोत घालूनच एकीमागून एक छाती त्या गार पत्र्याला लावली.

आठवड्याने सासरे एकटेच निकाल ऐकायला गेले. परत आले, ओट्यावर बसले आणि सासूला सांगू लागले. मी दाराआड होते. तेव्हा माझे दोन्ही कान शाबूत होते. डॉक्टरने म्हणे दोन्ही फोटो खिडकीला धरले आणि सांगितलं, एका सूनबाईची छाती स्वच्छ आहे, दुसरीला क्षय. तिला वेगळं ठेवा, लहान मुलं जवळ देऊ नका. सासऱ्यांनी विचारलं, कोणती? डॉक्टरने चिठ्ठ्या पाहिल्या. दोन्हींवर एकच मजकूर. त्याला काय, दोन पावलं चालून यंत्रवाल्याला विचारता आलं असतं. आम्हाला परत बोलावता आलं असतं. तो म्हणाला, "जी जास्त खोकते तीच असणार."

सासू वळून दाराकडे बघू लागली. आणि मेलं माझं नशीब, मला नेमका तेव्हाच खोकला आला.

त्याच दिवशी माझा बिछाना गोठ्याला लागून असलेल्या कडब्याच्या खोलीत गेला. ताट, तांब्या वेगळा. आणि माझी मुलगी, आठ महिन्यांची, अंगावर पिणारी, जाऊबाईंच्या मांडीवर गेली. मी दारात उभी राहून बोंबलत होते आणि सासू म्हणत होती, "आरडू नको. आरडीसन क्षय जात नही." माझं दूध दाटून चोळी ओली व्हायची आणि समोरच्या ओट्यावर पोर वाटीने गाईचं दूध पीत बसलेली दिसायची. जाऊबाई तिला हलवायच्या, गोंजारायच्या, आणि मधूनच तोंड फिरवून पदरात हलकेच खोकायच्या. मला त्यात खोकला दिसला नाही. मला नुसत्या पुतळ्या दिसल्या, आणि त्यांच्याशी खेळणारा माझ्या पोरीचा हात.

दर आठवड्याला आमचे हे, म्हणजे माझे यजमान, मला एसटीने नंदुरबारला न्यायचे. कंपाउंडर पुढच्या आठवड्याच्या कडू पुड्या द्यायचा आणि सुई टोचायचा. बाकीच्या दिवशी त्याच सुया गावातला एक सुईवाला घरी येऊन टोचायचा. डॉक्टरने मला एकदाही तपासलं नाही. महिन्याभरात माझा डावा कान वाजू लागला, मग हळूहळू बसला. तो आजही बंद आहे. हल्लीचे डॉक्टर सांगतात की त्या सुयांनी तसं होतं. सुनांना वाटतं मी सोंग करते. दोन्ही खरं आहे.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी जातात, झोके घेतात, गाणी म्हणतात. सासू शेजारणीला सांगत होती ते मला उजव्या कानाने ऐकू आलं: "आखाजीले माहेर धाडी देऊत. मंग कसाले आनाले जावानं? पोर आठेच ऱ्हाई." म्हणजे मला आखाजीला पाठवायचं, परत आणायचं नाही, आणि मुलगी ठेवून घ्यायची. यांना विचारलं तर हे बैलाच्या शेपटीकडे बघत म्हणाले, "माय म्हनस ते ऐकनं पडी." या घरातल्या पुरुषांना शेपटीकडे बघायची फार सवय.

मी माहेरी निरोप धाडला. वडील आले, कुंपणापलीकडे उभे राहूनच माझं ऐकून घेतलं आणि धुळ्याला एका मोठ्या डॉक्टरकडे विचारून आले. तो म्हणाला, फोटो आणा, फोटो बघितल्याशिवाय मी काही सांगत नाही. वडील मग नंदुरबारला गेले. नंदुरबारच्या डॉक्टरने त्यांना बसायलाही सांगितलं नाही. "सासरच्यांना निकाल सांगितलेला आहे. माहेरच्यांचा काय संबंध?" वडील परत कुंपणाशी आले तेव्हा त्यांच्या हातातली टोपी चुरगळलेली होती. म्हणाले, "बाई, तो कपाटमा ठेवस फोटो. देत नही."

माझी छाती, आणि ती त्याच्या कपाटात. मला एवढा राग आला की त्या दिवशी मी खोकायचीच विसरले.

पुढच्या सुईच्या दिवशी मी थेट डॉक्टरच्या खोलीत शिरले. हे मागे पायरीवर विडी पेटवत होते. डॉक्टर बाहेरगावचा, बोलणं पुस्तकातलं, शर्टाला इस्त्री. मी म्हटलं, मन्हा फोटो दे.

त्याने मान वर न करता विचारलं, "कशाला?"

"धुळाले देखाडानं शे."

"फोटो दवाखान्यात राहतो. यंत्र माझं, फिल्म माझी, वाचणार मी. तुम्हाला त्यातलं काय कळणार आहे?"

इथेच ते नातवंडांचं वाक्य यायला हवं. मी मात्र काय म्हणाले? मी म्हणाले, "मी चौथी पास शे."

डॉक्टर हसला. कंपाउंडर हसला. गाल सुजलेला एक माणूस दारात उभा होता, त्याला हसवत नव्हतं, तरी तोही हसला. मी पदर ओढला आणि बाहेर येऊन बाकड्यावर बसले. रडू येत होतं. त्या रडण्याचा ठसका लागला आणि मी खोकले, चांगली दाराची कडी वाजेल अशी. शेजारची बाई जरा सरकली. मी पुन्हा खोकले. ती उठून पलीकडच्या बाकावर गेली.

तेव्हा कुठे माझं डोकं चाललं. चौथीत जे शिकवलं नव्हतं ते.

मी मोठ्याने म्हटलं, "सरकीसन बठा वं माय, माले क्षय शे," आणि जी खोकायला लागले ती थांबलेच नाही. खोकला आतून येईना तेव्हा मी तो बाहेरून आणला. एक म्हातारा उठून गेला. तापाचं पोर घेऊन आलेलं जोडपं उंबऱ्यातूनच परतलं. कंपाउंडर धावत आला.

"वैनी, जरा भाईर जाईसन खोक ना."

"सूई लेवाले उनी मी. भाईर कोन देस सूई?"

आमचे हे विडी टाकून दारातून खुणा करायला लागले. "चाल ना आते. लोके देखी ऱ्हायनात."

"देखू दे. फुकट शे."

डॉक्टर स्वतः बाहेर आला तेव्हा बाकडी रिकामी होती आणि माझा घसा फाटला होता. "बाई, तुम्हाला हवंय तरी काय?" तो म्हणाला. मला खोकल्यामुळे बोलताच येईना, नुसता हात पुढे केला. त्याने आत जाऊन कपाट उघडलं आणि एक मोठं खाकी पाकीट माझ्या अंगावर टाकलं, हातात दिलं नाही. "घ्या. आणि परत या दवाखान्याची पायरी चढू नका." पाकिटावर सासऱ्यांचं नाव होतं.

एसटी स्टँडवर लिंबाच्या सावलीबाहेर उन्हात उभी राहून मी पाकीट उघडलं. माझा रोग मला बघायचा होता. पाकिटात दोन फोटो निघाले. काळी फिल्म, बरगड्या पांढऱ्या. पहिला उन्हाला धरला. तो स्वच्छ. दुसरा धरला. त्यात वरच्या बाजूला कापसाचं बोंड फुटावं तसे पांढरट डाग, आणि डॉक्टरने त्यांच्याभोवती लाल पेन्सिलीने गोल काढलेला. आणि गळ्याखाली ओळीने ठसठशीत पांढऱ्या टिकल्या. सोन्याच्या पुतळ्या. मध्ये एका जागी फट.

जगातल्या कुठल्या डॉक्टरला ती फट वाचता आली नसती. मला आली. चार वर्षं मी तिच्यासाठी भाकऱ्या वाकड्या केल्या होत्या. पहिला फोटो परत धरला. त्यात माझ्या लाख भरलेल्या दोन वाट्या.

खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंद झाला. क्षय हिला आहे, मोठ्या घरच्या लेकीला, मला नाही. मी स्टँडवर, लोकांसमोर, यांच्याकडे बघून हसले, आणि यांना वाटलं क्षय डोक्यात गेला. मग पुतळ्यांशी खेळणारा तो इवलासा हात आठवला. हसू जिथल्या तिथे वाळलं. एसटी यायला वेळ होता. मी रस्त्याने चालायलाच लागले, आणि हे मागून, "आवं, तिकीट काढेल शे," असं ओरडत. अर्ध्या वाटेवर तीच एसटी मागून आली आणि आम्हाला घेऊन गेली. असा तो माझा पराक्रम.

घरी सगळे अंगणातच होते. पोर जाऊबाईंच्या मांडीवर झोपलेली. मी सरळ गेले आणि पोर उचलली. सासू किंचाळत उठली, "हात लाऊ नको तिले." मी फोटो तिच्यापुढे उन्हात धरला.

"हाई कोन्ही पोत शे, सांग."

सासूला वाचता येत नव्हतं, पण सोनं ओळखायला अक्षर लागत नाही. तिने फोटो पाहिला. मग मोठ्या सुनेच्या गळ्याकडे पाहिलं. मग पुन्हा फोटो. सासरे ओट्यावरून उतरले आणि त्यांनीही बघितलं, आणि पहिल्यांदाच आयुष्यात सुनेच्या गळ्याकडे बघावं लागलं म्हणून मान खाली घातली. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. चुकलं असं कोणी म्हटलं नाही, तेव्हाही नाही, नंतरही नाही. सासू एवढंच म्हणाली, "मोठीनं हातरून कडबानी खोलीमा टाक." हे तिने मलाच सांगितलं. रोगी बदलला, कामवाली तीच राहिली.

तिसऱ्या दिवशी वडिलांबरोबर मी पोरीला धुळ्याला नेलं. तिथला डॉक्टरही काही गोड नव्हता, पण त्याने नाव विचारलं तेव्हा मी माझं नाव सांगितलं, पोरीचं सांगितलं, आणि पाळी यांच्या नावावर आली तेव्हा डोळे मिटून तेही सांगितलं. वडील दचकून बाहेर बघायला लागले. पोरीच्या छातीचा फोटो निघाला. तो निर्मळ असल्याचं डॉक्टरने सांगितलं, तरी वर्षभर दाखवत राहा म्हणाला. वर्षभर मी तिच्या प्रत्येक ठसक्याला उठून बसत होते. पोर टिकली. आज ती स्वतः आजी आहे आणि माझ्यासारखीच भांडते.

धुळ्याहून परतले त्याच संध्याकाळी मी ओट्यावर असताना समोर जाऊबाई कडब्याच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. चेहरा उतरलेला, पण मान तशीच, बड्या घरची.

"मन्हा फोटो माले दे. मन्हा भाऊ धुळाले लई जाई ऱ्हायना माले."

आता माझी चौथी पास अक्कल पाहा. फोटो मी माझ्या पेटीत, लुगड्यांच्या तळाशी, कुलूप घालून ठेवला होता. पुरावा होता तो. उद्या सासू फिरली तर दाखवायला काय राहणार? मी म्हटलं, "फोटो मी आनेल शे. खोकी खोकी घसा फाडीसन आनेल शे. पेटी मन्ही शे, फोटो आठेच ऱ्हाई. सांग तुन्हा भाऊले, नवा काढ म्हनीसन."

जाऊबाई जराही चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. दारातूनच हात पुढे केला.

"पेटी तुन्ही व्हई. छाती कोन्ही शे ती?"

मी पेटी उघडली, फोटो काढला आणि अंगणाच्या मध्यावर ठेवून मागे सरले. तिने उचलला, पदराने पुसला, जणू मी त्याला हात लावून बाटवला होता, आणि काखेत घालून आत गेली. धुळ्याच्या औषधांनी ती बरी झाली आणि मला न विचारता पुढे पुष्कळ वर्षं जगली. कडब्याची खोली तिने मला कधी माफ केली नाही. मीही गोठ्याचा हिशेब सोडला नाही. माझ्यासमोर आली की ती पोत पदराखाली घालायची, अगदी शेवटच्या दुखण्यापर्यंत. पुतळ्या तिच्या सुनेकडे गेल्या.

मला तिचं ते वाक्य तेवढं मिळालं. डॉक्टरसमोर ते फार शोभून दिसतं.